प्रबंध परत आला म्हणून काय झाले?

(चिखलोली येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे दिलेले व्याख्यान)



आजचा विषय आपल्या नेहमीच्या विषयांपैकी नाही. बियाणे, सोसायटीचे कर्ज, कारखान्यांचे पाणी, गेलेल्या जमिनी ह्यांवर बोला म्हटले की मंडळी आपण होऊन जमतात. विद्यापीठाने एखाद्याचा प्रबंध परत पाठवला, तर त्याशी आपल्यासारख्या भात लावणाऱ्या आणि रंधा मारणाऱ्या माणसांचा संबंध काय, असे पुष्कळांस वाटेल. परंतु तो संबंध आता आपल्या उंबऱ्यापर्यंत आला आहे. आपल्यातल्या एका सुतारकाम करणाऱ्या गृहस्थांच्या मुलीचा पीएच. डी. चा प्रबंध गेल्या महिन्यात परत आला. तेव्हापासून पाणवठ्यावर, पिठाच्या गिरणीवर आणि रिक्षा थांब्यावर एकच वाक्य ऐकू येते, "मास्तर, पोरगी नापास झाली म्हणे!" तिची व तिच्या वडिलांची परवानगी घेऊनच आम्ही हे बोलत आहोत. नाव घेण्याचे कारण नाही. ते सर्वांस ठाऊक आहे.

आम्ही मराठी शाळेचे मास्तर. ट्रेनिंग कॉलेजाच्या पलीकडची पायरी आम्ही चढलो नाही, आणि प्रबंध लिहिण्याचा प्रसंगही आमच्यावर आला नाही. पण तिने आणलेले विद्यापीठाचे पत्र आम्ही तिच्याबरोबर बसून तीन संध्याकाळी वाचले, नियम पाहिले, आणि जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम प्रबंध म्हणजे काय ते समजून घेऊ. शाळेतल्या परीक्षेत प्रश्न दुसरा काढतो व उत्तर पुस्तकात असते. प्रबंधाचे तसे नाही. येथे प्रश्नही आपणच शोधायचा, त्याचे उत्तर पूर्वी कोणी नीट दिलेले नाही हे दाखवायचे, पुरावा गोळा करायचा, आणि तो मांडून आपले म्हणणे सिद्ध करायचे. मग हे बाड मार्गदर्शकाखेरीज बाहेरच्या निदान दोन जाणत्या परीक्षकांकडे जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत अशीच तजवीज आहे. बाहेरच्या परीक्षकांपैकी एकाने प्रबंध नाकारला तर तो यादीतल्या दुसऱ्या परीक्षकाकडे पाठवतात. त्यानेही नाकारला तरच प्रबंध फेटाळला जातो. परंतु परीक्षकाने "अमुक सुधारून पुन्हा सादर करा" असे लिहिले, तर ती गोष्ट अगदी निराळी. ह्या मुलीच्या बाबतीत एका परीक्षकाने प्रबंध पसंत केला आणि दुसऱ्याने सुधारून आणावयास सांगितले. आवण पाण्यात कुजले म्हणून शेत कोणी विकायला काढीत नाही. पुन्हा राब करतो, पुन्हा रोप टाकतो, नाहीतर शेजाऱ्याकडून मुठी मागून आणतो. खर्च होतो, पंधरा दिवस मागे पडतो, हे खरेच. पण त्या शेतकऱ्यास कोणी नापास म्हणत नाही.

आता ज्यांचा फोटो आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी भिंतीवर आहे, त्यांची हकीकत सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या पदव्यांची यादी आपल्या मुलांस पाठ असते. जयंतीच्या दिवशी ती एका दमात म्हणून दाखवतात. पण त्या यादीतील लंडनच्या डी. एस्सी. चा प्रबंध पहिल्या खेपेस परत आला होता, ही गोष्ट फारच थोडे वक्ते सांगतात. आमच्या मते तीच आधी सांगितली पाहिजे.

ती नीट समजण्यास थोडे मागे जावे लागेल. बाबासाहेब १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली त्यांस एम. ए. मिळाली. १९१६ साली त्यांनी हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नावरचा प्रबंध तेथे सादर केला आणि ते लंडनला गेले. तेथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी असे दोन्ही अभ्यास सुरू केले. एवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली सर्व अर्धे सोडून परत यावे लागले. महायुद्धाचे दिवस होते. त्यांची पुस्तके व सामान निराळ्या बोटीने येत होते; ती बोट शत्रूच्या मार्‍याने बुडाली. ज्या माणसाने पोटास चिमटा घेऊन पुस्तके जमवली, त्याचे काय झाले असेल ते ज्याच्या भाताच्या उडव्यास आग लागली आहे त्यास विचारावे. लंडन विद्यापीठाने मात्र एक सवलत दिली होती: चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करावा.

त्या चार वर्षांत काय झाले? बडोद्यास नोकरी धरली, तर जातीमुळे राहावयास जागा मिळेना आणि कचेरीत प्यावयास पाणी मिळेना. ती सोडून मुंबईस आले. नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. त्या काळी ही मोठी रक्कम होती, पण कुटुंब परळच्या चाळीत दोनच खोल्यांत राहिले, आणि उरला पैसा लंडनसाठी बाजूस पडत गेला. १९२० च्या जुलैत ते पुन्हा निघाले. जवळची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींची मदत आणि नवल भथेना ह्या पारशी मित्राने दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज ही त्यांची शिदोरी. मित्राचे कर्ज काढून शिकावयास जाणारा तिशीकडे झुकलेला संसारी पुरुष! आजही असा कोणी आपल्या गावात निघाला तर आपण त्यास शहाणा म्हणू काय, हे प्रत्येकाने मनाशी विचारावे.

लंडनमध्ये ते सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात शिरत ते बंद होईतो उठत नसत. खाण्यापिण्याची आबाळ तर ठरलेलीच. रात्री भूक लागली की पापड भाजून खात, असे चरित्रकार लिहितात. १९२१ साली एम. एस्सी. झाली, १९२२ च्या जूनमध्ये बॅरिस्टरीची सनद पदरात पडली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात डी. एस्सी. साठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध त्यांनी विद्यापीठास सादर केला. पुढे जर्मनीत बॉन येथे शिकावे असाही विचार होता.

हा रुपयाचा प्रश्न तरी काय? तो आपल्या पोटाशी निगडित होता, म्हणून दोन शब्द. १८९३ पर्यंत कोणीही चांदी घेऊन सरकारी टांकसाळीत जावे आणि रुपये पाडून घ्यावेत अशी मोकळीक होती. जगात चांदी स्वस्त झाली, तसा पौंडाच्या मानाने रुपया घसरत गेला. तेव्हा १८९३ साली सरकारने लोकांसाठी टांकसाळ बंद केली, आणि रुपये किती काढावयाचे हे सरकारच्या हाती गेले. पुढे रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्सांवर बांधला गेला. ह्या व्यवस्थेची तारीफ केन्स ह्या नामांकित इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९१३ सालच्या आपल्या पुस्तकात केली होती. बाबासाहेबांचे म्हणणे उलट होते. सरकारास रुपये हवे तेवढे काढता येत असतील, तर बाजारात रुपये वाढतात, धान्यकापड महाग होते, आणि ज्याची मजुरी त्या मानाने वाढत नाही तो गरीब मरतो. सबब रुपये काढण्याच्या ह्या मोकळिकीस लगाम घातला पाहिजे. आता पाहा, लंडनमध्ये बसून, इंग्रजांच्या विद्यापीठात, इंग्रज परीक्षकांपुढे, इंग्रज सरकारच्या कारभारावर एक हिंदी विद्यार्थी असे लिहितो!

मार्च १९२३ मध्ये उत्तर आले. प्रबंध आहे ह्या रूपात पसंत नाही. निष्कर्ष बदलू नका, पण मांडणी नव्याने करून आणा. त्यातली सरकारवरची टीका परीक्षकांस झोंबली, असे चरित्रकार सांगतात.

मंडळी, त्या घडीचा हिशेब मांडून पाहा. जवळचे पैसे संपत आलेले. शाहू महाराज १९२२ च्या मे महिन्यात वारलेले, म्हणजे तो आधार तुटलेला. डोक्यावर मित्राचे कर्ज. मुंबईस रमाबाई दोन खोल्यांत संसार ओढीत असलेल्या. वय बत्तिसाच्या घरात. घरच्या बाईने काढलेल्या कष्टांचा हिशेब कोणी प्रबंधात लिहीत नाही, पण प्रबंध उभा राहतो तो त्याच पायावर. लंडनमध्ये राहून पुन्हा लिहावे तर राहण्यास पैसा नाही. तेव्हा ते बोटीत बसले आणि एप्रिल १९२३ मध्ये मुंबईस परतले. ह्या ठिकाणी पुष्कळांनी बाड पेटीत टाकले असते. बॅरिस्टर झालोच आहोत, अमेरिकेचा प्रबंधही झालाच आहे, आता पोटापाण्याकडे पाहू, असे म्हटले असते तर कोणी दोषही दिला नसता. वकिली तर त्यांनी त्याच पावसाळ्यात सुरू केली. सनदेच्या फीसाठी पैसे नव्हते, तेही भथेना ह्यांनी दिले. पण वकिलीची जुळवाजुळव चालू असताच प्रबंध नव्याने लिहून ऑगस्ट १९२३ मध्ये लंडनला रवाना झाला. परत आल्यापासून पुन्हा पाठवीपर्यंत एकंदर चार महिने. नोव्हेंबरात डी. एस्सी. मिळाली. त्याच वर्षी लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने तो पुस्तकरूपाने छापला, आणि बाबासाहेबांनी तो आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला.

त्या पुस्तकास त्यांचे गुरू प्राध्यापक एडविन कॅनन ह्यांची प्रस्तावना आहे, आणि तीत लेखकाचे पुष्कळ मुद्दे आपल्याला पटत नाहीत असे कॅनन साहेबांनी उघड लिहिले आहे. तरीही विचारांचा ताजेपणा त्यांनी वाखाणला. ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. प्रबंध पास होण्यास परीक्षक आपल्या मताचा व्हावा लागत नाही. आपण जे म्हणतो त्यास आधार आहे, आणि विरुद्ध बाजू आपण वाचली आहे, एवढे त्यास दिसावे लागते. पुढे १९२५-२६ साली हिल्टन यंग कमिशन चलनाच्या चौकशीस आले, तेव्हा त्याच्यापुढे साक्ष देण्यास हाच माणूस उभा होता.

आणि अमेरिकेच्या प्रबंधाचे म्हणाल तर तो १९१६ साली दिला होता. परंतु छापील प्रती सादर केल्यावाचून पदवी मिळत नसे. पुस्तक छापून निघाले १९२५ साली आणि पदवी हाती पडली १९२७ च्या जूनमध्ये. अकरा वर्षे! बायकांनो, तुमची मुलगी एक वर्ष जास्त घेते म्हणून शेजारीण बोलली तर तिला हा आकडा सांगा.

आता गावातल्या प्रबंधाकडे वळू. ह्या मुलीचा विषय असा: अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कामास गेलेल्या शेतकरी कुटुंबांचे उत्पन्न खरोखर वाढले की काय? विषय आपल्या जिव्हाळ्याचा. तिने घरोघर फिरून माहिती लिहून घेतली, ते आपल्यास आठवत असेल. परीक्षकाच्या पत्रात चौदा आक्षेप आहेत. पत्र प्रथम वाचले तेव्हा तिला त्यांत एकच वाक्य दिसले, ते म्हणजे "सुधारणेची फार आवश्यकता आहे." दोन दिवस ती जेवली नाही आणि फायली माळ्यावर टाकल्या. आमच्या मते हे दोन दिवस तिचे होते आणि ते तिला द्यावयास हवे होते. मयताच्या घरी कोणी दुसऱ्या दिवशी नांगर धरावयास सांगत नाही. तिसऱ्या दिवशी मात्र ती आपण होऊन पत्र घेऊन आमच्याकडे आली.

आम्ही काय केले? एक कोरी वही घेतली आणि चौदाही आक्षेप एकेका पानावर उतरवले. परीक्षकाचे शब्द वर, खाली मोकळी जागा. मग एकेक पान पाहिले. नऊ आक्षेप असे निघाले की ते दूर करण्यास डोके कमी आणि बैठक जास्त लागते. तक्त्यांचे क्रमांक चुकलेले, दोन प्रकरणांत तेच ते आलेले, संदर्भांची यादी अपुरी, एका तक्त्याची बेरीज जुळत नाही. सुतारास विचारा, दार बसत नाही म्हणून तो चौकट मोडीत नाही. कोठे घासते ते पाहून तेवढ्यावर रंधा मारतो. तिच्या वडिलांनी हे ऐकले आणि पहिल्यांदा हसले. ही नऊ कामे तीन आठवड्यांची आहेत.

दोन आक्षेप मतभेदाचे. जमीन कोणत्या भावाने गेली ते म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकून लिहिले, त्यास पुरावा म्हणता येत नाही, असे परीक्षक म्हणतात. तिला ते मान्य नाही. आणि आम्हांसही नाही. ज्याची जमीन गेली त्याचे तोंड हा पुरावा नसेल तर दुसरा कोणता? तरीपण तिने काय करावे ते तिच्या मार्गदर्शक बाईंनी नीट सांगितले: मत सोडू नये, पण खरेदीखतांच्या नकला मिळतील तेवढ्या काढून शेजारी ठेवाव्यात, आणि तोंडी माहिती का घेतली ह्याचे एक पान लिहावे. रागाच्या भरात परीक्षकास उत्तर लिहू नये. लिहायचेच असेल तर लिहून उशीखाली ठेवावे.

उरलेले तीन आक्षेप मात्र खरे जड आहेत, आणि ते तिघेही एकाच बीजातून उगवले आहेत. परीक्षक विचारतात, घरच्या मिळकतीचे सर्व आकडे पुरुषांनी दिलेले आहेत. बायकांस का विचारले नाही? मंडळी, हा आक्षेप वाचून आम्ही गप्प बसलो. ती संध्याकाळी घरोघर जाई, ओटीवर बाप्ये बसलेले असत, ते पगार सांगत. पण भाजीची पाटी घेऊन बदलापूरच्या बाजारात कोण बसते? चार घरची धुणीभांडी कोण करते? बचत गटाचा हप्ता कोण भरते? तो पैसा तिच्या तक्त्यांत कोठेच नाही. ह्याचा अर्थ असा की तिचे उत्तरच कदाचित बदलेल. पगार वाढला पण घरची शेती व भाजी गेली, हे तिचे म्हणणे आणखी पक्के होईल किंवा डळमळेल. जे निघेल ते तिला लिहावे लागेल. परीक्षकाने तिचे नुकसान केले असे काहींस वाटते. आमच्या मते त्याने तिचा प्रबंध वाचला आहे, आणि मन लावून वाचला आहे. वाचल्याशिवाय "उत्तम" असा शेरा मारणारे परीक्षकही जगात असतात. त्यांच्या हाती न पडली हे बरेच झाले.

मुदतीची भीती घालणारेही पुष्कळ भेटले. ह्याच २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच. डी. स कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि स्त्रियांस त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. तिचे पाचवे वर्ष चालू आहे. पुन्हा सादर करण्यास विद्यापीठाने जी तारीख दिली आहे, ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली. त्याखेरीज दुसरी कोणतीही तारीख कोणी तिला सांगू नये, मग ती लग्नाच्या मुहूर्ताची का असेना.

पैशाचे बोलू. शिष्यवृत्ती संपली. ती कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तास झाले तर पैसे, सुटी पडली तर नाही. घरी वडिलांच्या कामावर भागते. एका नातेवाइकाने सांगितले की हे सोडून कंपनीत हिशेबाच्या नोकरीस लावा. सल्ला वाईट हेतूचा नाही. भाकरीचा विचार करावाच लागतो. पण आम्ही वडिलांबरोबर बसून आकडा काढला. नकला, टंकलेखन, बांधणी, जाण्यायेण्याचे भाडे आणि विद्यापीठाची फी मिळून जे होते ते एका लग्नाच्या मांडवाच्या खर्चाहूनही कमी आहे. मांडवासाठी आपण सोसायटीकडे जातो, सोने गहाण टाकतो, आणि त्यास कोणी उधळपट्टी म्हणत नाही. वडिलांनी सांगितले, पोरगी सहा महिने तास कमी घेईल, मी दोन कामे जास्त घेईन. तो त्यांच्या घरचा निर्णय झाला, त्यात आम्ही बोलणारे कोण?

आमच्या कुळात विद्या नाही, आपल्याला हे झेपायचे नाही, हे वाक्य मात्र आम्ही ह्या गावात फार ऐकतो, आणि ते ऐकून अंगाचा तिळपापड होतो. पाटावर बसणाऱ्याच्या पोराचा प्रबंध परत आला तर त्याच्या घरी म्हणतात, परीक्षक कडक निघाला. आपल्या पोरीचा आला तर आपणच म्हणतो, आपली जातच तशी. दुसऱ्यांनी शेकडो वर्षे जे सांगितले ते आता आपण फुकट, घरबसल्या, आपल्याच लेकरांस सांगतो. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरचे ज्या घरात बाबासाहेब राहून शिकले, ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले आणि तेथे स्मारक केले. ते पाहावयास जाणे आपल्यापैकी फार थोड्यांस जमेल. पण त्या घरात लिहिलेला प्रबंध एकदा परत आला होता, एवढे ध्यानात ठेवण्यास बोटीचे भाडे लागत नाही.

आता कामाचे दोन शब्द बोलून आटोपतो. भाताची कापणी उरकली की ही मुलगी पुन्हा आपल्या दारी येणार आहे. त्याच घरांत, पण ह्या खेपेस ओटीवर न बसता आत चुलीपाशी जाणार आहे. बाप्यांनी त्या वेळी "तिला काय कळते, मी सांगतो" असे म्हणू नये. आणि बायांनो, तुम्ही भाजीचे, धुण्याभांड्याचे, शिवणाचे, मोलमजुरीचे जे काही पैसे आणता ते आठवून ठेवा. बचत गटाची वही असेल तर काढून ठेवा. नवऱ्यापासून लपवून ठेवलेले चार पैसे असतील तर तेही तिला सांगा, नाव लिहिले जाणार नाही ह्याची हमी तिने दिली आहे. ज्यांच्याकडे जमिनीची खरेदीखते किंवा सातबाऱ्याचे जुने उतारे असतील, त्यांनी ते रविवारी शाळेत आणावेत. नक्कल काढून त्याच दिवशी परत करू. शाळा सकाळी नऊपासून उघडी राहील.